केस नंबर सात

४ नोव्हेंबर १९८५, सोमवार
सहकारी साखर कारखान्यात समुपदेशक म्हणून रुजू. मानसशास्त्रात एम.ए. झालेला या तालुक्यातला मी पहिलाच. गेल्या हंगामात बॉयलरवर पिराजी नावाचा कामगार वाफेनं भाजून मेला. त्यानंतर विमा कंपनीनं अट घातली, की कामगारांची मनं तपासणारा माणूस नेमा, तरच सामूहिक विमा चालू राहील. कारण काही का असेना, सुरुवात मोठी आहे. दवाखान्यामागची खोली मिळाली. आधी तिथं बारदाना ठेवायचे.
संकल्प: प्रत्येक कामगाराला पाऊण तास. त्यानं सांगितलेलं खोलीबाहेर जाणार नाही.

१२ नोव्हेंबर
लेबर ऑफिसर बिराजदारसाहेबांनी बोलावलं. पावसानं दगा दिलाय, ऊस थोडा, हंगाम लवकर उरकायचाय. म्हणून एका माणसाला पंधरा मिनिटं. मी ठणकावून सांगितलं, हे शास्त्रात बसत नाही. ते म्हणाले, बसवा.
तात्पुरतं मान्य केलं. थोडक्यात बोलण्याचंही तंत्र असतं. ते मीच विकसित करीन.

१९ नोव्हेंबर
धोंडप्पा आला. बॉयलरवर असतो, वय पस्तीस. पिराजी त्याच्या डोळ्यांदेखत भाजला. तेव्हापासून वाफेचा आवाज झाला की हात कापतात, घास उतरत नाही. दहा मिनिटं पावसापाण्याचं बोलला. मग म्हणाला, "साहेब, पिराजीनं मला हाक मारली व्हती. म्या गेलो न्हाय. पायच उचलला न्हाय."
हे त्यानं बायकोलाही सांगितलेलं नाही. वेळ संपली तरी बसू दिलं. एकूण अठरा मिनिटं. शब्द दिला, की हे माझ्यापाशीच राहील. त्याला महिनाभर बॉयलरपासून लांब, गोदामात ठेवायला हवं. उद्याच तसं लिहून देतो.

२० नोव्हेंबर
लिहून दिलं नाही. योग्य वेळ बघायला हवी.

२७ नोव्हेंबर
विमा कंपनीचे इन्स्पेक्टर छापील फॉर्म घेऊन आले. दोनच रकाने: फिट, अनफिट. धोंडप्पाला गोदामात बदली द्या म्हणालो. बिराजदार म्हणाले, गोदामात जागा नाही. अनफिट असेल तर घरी पाठवतो. त्याच्या घरी खाणारी पाच माणसं, आणि रानात यंदा काही उगवलेलं नाही.
'फिट'वर सही केली. पण खाली बारीक अक्षरात 'निरीक्षणासह' असं लिहिलं. इन्स्पेक्टरांच्या नजरेतून ते सुटलं. माझा निषेध कागदावर आहे.

३ डिसेंबर
बिराजदारांनी माझी नोंदवही मागितली. ठाम नकार दिला.
दुपारी पुन्हा मागितली. म्हणाले, वही कारखान्याची, शाईही कारखान्याची. मुद्दा कायदेशीर आहे. वही दिली. पण नावांऐवजी मी नंबर घातलेत, त्यामुळे गुप्तता शाबूत.
संध्याकाळी नंबरांची यादी मागितली. तीही दिली. यादीत नुसती नावं आहेत, आजाराचा एक शब्द नाही.

१७ डिसेंबर
सकाळच्या पाळीत व्हॉल्व्ह फिरवताना धोंडप्पाचा हात सुटला. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. जीपमधून सोलापूरला नेलं. बोटं वाचणार नाहीत म्हणतात.
'निरीक्षणासह' लिहिण्यात केवढी दूरदृष्टी होती, ते आता सगळ्यांना कळेल.
जेवण गेलं नाही.

९ जानेवारी १९८६
विमा कंपनीचं पत्र. धोंडप्पाचा क्लेम नामंजूर. कारण, त्याला आधीपासून मनाचा आजार होता आणि तो लपवला. पुरावा म्हणून माझ्या वहीची नक्कल जोडलीय. केस नंबर सात. 'पायच उचलला नाही' हे वाक्यसुद्धा माझ्याच अक्षरात.
कंपनीला कडक पत्र लिहायला घेतलं.

११ जानेवारी
धोंडप्पाची बायको नागूबाई आली. बसा म्हणालो, बसली नाही.
"ठीक हाय म्हणून तुमीच सही केली. डोकं बिघडलंय म्हणून बी तुमीच लिवलं. कंचं खरं मानावं, साहेब?"
मी फॉर्म आणि वही यांतला शास्त्रीय फरक समजावला. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या हाकेचं मला बी ठावं नव्हतं. कचेरीतनं समद्या गावाला कळलं. टँकरवर पिराजीची बायको माझ्या शेजारी घागर लावत न्हाय आता. आन ह्ये भिंतीकडं तोंड करून पडून राहत्यात."
त्यांना घेऊन या, मी बोलतो, असं म्हणालो. ती तशीच निघून गेली.
तिला परिभाषा जड गेली असावी.

१५ जानेवारी
पत्र पूर्ण. अकरा पानं. बायकोला, शारदाला, वाचून दाखवलं. तिनं विचारलं, पोस्टात कधी टाकणार? मी सांगितलं, मेमध्ये नोकरी कायम होईल, त्यानंतर टाकलं तर वजन पडेल. ती भाकरी थापायला उठली.

१० फेब्रुवारी
हंगाम संपला. महिनाभर एकही कामगार खोलीत आला नाही. निरोप पाठवला तर दारातूनच "समदं ठीक हाय साहेब" म्हणतात आणि निघून जातात. थोडक्यात बोलण्याच्या माझ्या तंत्राचा हा परिणाम असेल, असं दोन-तीन दिवस वाटलं.
आज बिराजदारांनी हंगामाचा अहवाल पाठवला. कामगारांचं मानसिक आरोग्य उत्तम, तक्रारी शून्य. खाली समुपदेशकाच्या सहीची जागा. दोनदा वाचला. आकडा बरोबर आहे. सही केली.