मुलगी-बिलगी कोणी नाही

रविवार, ता. १२, दुपार

चि. ठकी,

अनेक आशीर्वाद. मागच्या पत्रातले अजून वापरून झाले नसतील तर तेही यात धरून चाल. मी ठीक आहे. गुडघा आपल्या जागी आहे, फक्त दिवसातून चारदा जागा दाखवतो. दुकान चालू आहे. जोवर लोकांचा एकमेकांवर विश्वास नाही तोवर कुलूपवाल्याला मरण नाही, हे तुला मी शंभरदा सांगितलंय. हे एकशे एकावं.

एवढे फोन असताना पत्र कशाला, म्हणून तू हसशील. तू फोन उचलत नाहीस हा एक भाग झाला. पण हल्ली ते यंत्र आपलं बोलणं ऐकत बसतं असं गिऱ्हाइकंच सांगतात. परवा एकाशी मी तिजोरीबद्दल चार शब्द बोललो, तर संध्याकाळी त्याच्या मोबाईलवर तिजोऱ्यांच्या जाहिराती! कागद बरा. त्याला कान नसतात.

बातम्या दोन. शेजारच्या चष्मेवाल्याने दुकानाची पाटी नवी केली आणि मुद्दाम माझ्या पाटीच्या वीतभर पुढे काढली. विचारलं तर म्हणतो, "काका, लोकांच्या नजरेत भरायला नको का?" त्याच्या स्वतःच्या नजरेत काय भरलंय ते मला पक्कं ठाऊक आहे. त्याला माझा गाळा हवाय.

दुसरी बातमी तुझ्याशी संबंधित आहे, म्हणून नीट वाच. मंगळवारी दुकानात एक बाई आली. हातात कुलूप नाही, किल्ली नाही. कुलूपवाल्याकडे रिकाम्या हाताने कोण येतं? गळ्यात ओळखपत्र होतं, पण ते उलटं, फोटोची बाजू आत. हे मी सगळ्यात आधी टिपलं. यंत्र चालूच ठेवलं आणि किल्ली घासत राहिलो.

"तुमची मुलगी बाहेरगावी शिकते ना?" तिने विचारलं.

"कोण मुलगी?"

"जनावरांच्या डॉक्टरकीला आहे ती," बाई म्हणाली आणि गोड हसली. गोड हसणाऱ्या माणसापुढे मी आधी गल्ला बंद करतो.

"बाई, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. मला मुलगी-बिलगी कोणी नाही."

"म्हणजे तुमचं तिच्याशी बोलणं नाही?"

"जी नाहीच तिच्याशी बोलणार काय, कपाळ?"

"पैसे वगैरे पाठवता तिला?"

आलं! पैशाचं नाव निघालं की माणूस ओळखावा. मी म्हटलं, "एक छदाम नाही." (हे तसं खोटंही नव्हतं. तू घेतच नाहीस हल्ली.) त्यावर ती आवाज खाली आणून म्हणाली, "माफ करा हं. असलं काही विचारायला मलाही बरं वाटत नाही. पुढच्या महिन्यात एका सहीसाठी यावं लागेल."

ये म्हणावं. सही म्हणे! कशी उडवून लावली की नाही? तू पाच वर्षांची असताना मीटर बघायला आलेल्या माणसाला दार उघडून "इथे कोणी राहत नाही" असं ठणकावलं होतंस आणि दार लावून घेतलं होतंस. मी आत जेवत होतो. घास हातात राहिला हसून हसून. त्या दिवशी मला खात्री पटली, पोरगी माझीच.

पण मला आता खरं सांग. तू कोणाकडून कर्ज काढलंयस का? की कोणी मुलगा आहे आणि त्याच्या घरचे माग काढताहेत? उगाच कोणी बाई चालत येत नाही.

मागच्या खेपेला तुझ्या मोबाईलवरून जे झालं ते अजून मनात धरून बसली असशील तर सोडून दे. वाजला म्हणून मी उचलला. हातात होताच म्हणून जरा बघितला. बापाने नाही बघायचा तर कोणी? तेवढ्यावरून "तुमचे पैसेही नकोत मला" इतक्यावर यायचं काही कारण नव्हतं. आणि जाताना तू कपाटातले स्वेटर नेलेस तेही माझ्या लक्षात आलंय. भर उन्हाळ्यात स्वेटर कोण नेतं?

उत्तर लिही. आत्याला तुझे निरोप येतात हे मला ठाऊक आहे. ती "मला काही माहीत नाही बाई" म्हणते तेव्हा तिच्या नाकाचा शेंडा लाल होतो.

कोणाच्याही बापाला न फसणारा,
तुझा बाबा

---

बुधवार, ता. १९, दुकान उघडण्याआधी

चि. ठकी,

आशीर्वाद. हे पत्र पोस्टाने न पाठवता आत्याच्या हाती देतोय. ती आज तुझ्याकडे यायला निघते आहे. वाचून झालं की फाडून टाक. तुझं-माझं नाव एका कागदावर कोणाला दिसलं तर तुझंच नुकसान आहे, एवढं मला आता कळलंय.

मागच्या महिन्यातल्या पत्राचं उत्तर आलं नाही. का आलं नाही तेही आता कळलं, किंवा कळल्यासारखं वाटतंय.

झालं असं. रविवारी आत्या चहाला आली होती. मी फुशारक्या मारत होतो, त्या बाईला कशी पिटाळली ते साभिनय करून दाखवत होतो. "मला मुलगी-बिलगी कोणी नाही" हे वाक्य ऐकताच तिने कप खाली ठेवला आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग हसणं थांबलं तरी पाणी थांबेना.

"अरे दादा, ती सरकारी बाई होती! विद्यार्थ्यांना मदत देणाऱ्या खात्यातली."

"मग ओळखपत्र उलटं कशाला?"

"वाऱ्याने फिरलं असेल रे!"

मग तिने एकेक करून सांगितलं. बारावीनंतर जी मुलं पूर्णवेळ शिकतात त्यांना सरकार महिन्याच्या खर्चाला हातभार लावतं. मात्र आधी बापाची मिळकत बघतं. गाळा माझ्या नावावर, म्हणून सरकारच्या लेखी मी गडगंज, आणि तुला काही नाही. पण ज्या मुलांचे आईबापांशी संबंधच उरलेले नाहीत त्यांना एकटं माणूस धरतात आणि सगळी मदत देतात. तू लिहून दिलंस की आई वारली आणि वडिलांशी काही संबंध नाही. ते खरं की खोटं बघायला बाई माझ्याकडे आली. आणि मी तिला उत्तम प्रकारे खात्री करून दिली.

आपण दोघांनी न ठरवता एकच साक्ष दिली, ठकी. कोर्टात असे साक्षीदार मिळत नाहीत.

दिवसभर वर्ग आणि संध्याकाळी खानावळीत भांडी, आणि वर्गात डोळे मिटायचे म्हणून सर ओरडायचे, हेही आत्यानेच सांगितलं. मला का नाही सांगितलंस? सांगितलं असतंस तर मी विचारलं असतं, पैसे जातात कुठे. बरोबर आहे. विचारलंच असतं.

आधी मला राग आला आणि मग भलताच आनंद झाला, खोटं कशाला बोलू! म्हटलं, पोरीने बापाला ओळखलंय. कोणी चौकशीला गेलं तर हा म्हातारा आधी "नाही" म्हणणार आणि मग विचार करणार, यावर तिने पैज लावली आणि जिंकली. तुझी आई होती तेव्हा तिने तुला ठकी म्हणून हाक मारायला सुरुवात केली ती बाहुली म्हणून. तू त्यातला ठक घेतलास! दुकानात एकटाच हसत होतो. चष्मेवाला डोकावून गेला, काका ठीक आहेत ना म्हणून.

तो आनंद संध्याकाळपर्यंत टिकला. शटर ओढताना दुसरा संशय आला. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, पहिल्या संशयावर मी कधी थांबत नाही. पोरगी युक्ती करणार असेल तर बापाला त्यात घेणार नाही का? आत्याकडून एवढा निरोप येऊ शकत होता, की बाबा, अशी अशी बाई येईल, नाही म्हणून सांगा. मी काय नाही म्हणालो असतो? म्हणजे हो, नाहीच म्हणालो असतो! पण निरोप आला नाही.

मग मी त्या बाईला जे जे खोटं म्हणून सांगितलं होतं ते एकेक तपासून पाहिलं. बोलणं आहे का? नाही. पैसे जातात का? तू परत पाठवतेस. घरी येणं? स्वेटर नेल्यापासून नाही. सगळी उत्तरं खरी निघाली गं. मला मुलगी नाही, एवढं एकच काय ते खोटं उरलं.

आत्याला मी परत गाठलं. म्हटलं, तुझ्याशी बोलते ना ती? मग सांग, पैशासाठी लिहिलं की मनातून लिहिलं? ती म्हणाली, "दादा, मला खरंच माहीत नाही. मी विचारलं होतं. ती गप्प बसली." मी तिच्या नाकाकडे बघत होतो. लाल झालं नाही.

उद्या सकाळी ती बाई सहीसाठी येणार आहे. काल तिने फोन करून वेळ विचारून घेतली, फार अदबीने बोलली. मी पण या वेळी नीट बोललो, नाव विचारलं, खात्याचं नाव विचारलं, आणि मग त्या खात्यात फोन करून अशी बाई आहे का तेही विचारलं. आहे. "माझा माझ्या मुलीशी कोणत्याही प्रकारचा संबंध नाही" असं लिहिलेलं असेल आणि त्याखाली मी सही करायची. साक्षीदार म्हणून शेजारच्या दुकानदाराची सही चालते म्हणे. म्हणजे चष्मेवाला. तो आता जन्मभर माझ्याकडे दयेने बघणार, आणि बहुधा गाळाही मागणार.

सही मी करणार आहे. त्याबद्दल तू मुळीच घोर लावून घेऊ नकोस. तुझं शिक्षण थांबणार नाही आणि ती भांडी आजपासून बंद. माणसांवर भरवसा नाही म्हणून जनावरांची डॉक्टर होतेस की काय, असं मी तुला चिडवायचो. हो बाई, चांगली डॉक्टर हो. जनावरं तरी मोबाईल बघत नाहीत.

त्या मोबाईलबद्दल काल आत्यासमोर मी परत सुरू केलं होतं, की वाजला म्हणून उचलला वगैरे. ती म्हणाली, "दादा, पुरे." मग पुरेच केलं.

आता एकच मागणं आहे. तुझं उत्तर यायच्या आधी माझी सही झालेली असेल, तेव्हा त्यावर काही अवलंबून आहे असं समजू नकोस. तू खोटं लिहिलं असशील तर उद्याची माझी सहीही खोटी. तू खरं लिहिलं असशील तर ती खरी. आजवर मी कुठे खोटी सही केलेली नाही, चौकात उभं राहून सांगेन. पण ही एक खोटी असावी असं फार वाटतं गं. जेवताना वाटतं, किल्ली घासताना वाटतं.

पत्र लिहू नकोस, फोन करू नकोस, कोणाच्या तरी नजरेला पडेल. आत्या शुक्रवारी परत येईल. तिच्याजवळ एवढंच सांग, "ते खोटं होतं." कारण नको, खुलासा नको. तू मनापासून सांगतेयस की म्हाताऱ्याची समजूत काढतेयस, हे मी आत्याला विचारणार नाही. तिच्या नाकाकडे बघणार नाही. ती जे म्हणेल ते मी खरं धरून चालेन.

तू खोटारडी असशील या एका आशेवर,
तुझा बाबा