श्वास धरलेला वर्ग

सर, तुमचा तराजू उद्या भंगारात जाणार आहे. तोच, काचेच्या पेटीतला, पितळी पारड्यांचा, पुढची काच फुटलेला. त्याच्या जागी बॅटरीवर चालणारं नवं यंत्र आलंय. ते आकडे आपोआप दाखवतं आणि पोरं समोर नाचली तरी त्याला फरक पडत नाही. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, त्या जुन्याला किती दिवस कवटाळून बसायचं?" तुम्ही असता तर त्यांना तिथल्या तिथे चार शब्द सुनावले असते. मी गप्प बसले, कारण तराजू जाणार याचं मला वाईट वाटतंय की सुटल्यासारखं वाटतंय, हेच माझं मला कळत नव्हतं. असं का, ते तुम्हालाच सांगायला हवं. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर बाईंचं डोकं फिरलं म्हणतील.

ती काच तुमच्या काळातच फुटली होती आणि नवी कधी आलीच नाही. त्यावरून तुम्ही ती रीत पाडलीत. वजन करताना पंखा बंद, दार बंद, आणि सगळ्या वर्गाने श्वास धरायचा, म्हणजे काटा हलत नाही. मला अजून दिसतं, मी नववीत आहे, सापगावहून चालत आलेली, पायांना लाल माती. टेबलावर निमुळत्या मानेची काचेची बाटली आहे. तिच्यात सोडियम सल्फेटचं द्रावण, आत दोऱ्याला लोंबकळणारी छोटी नळी, नळीत बेरियम क्लोराइड आणि तोंडाला घट्ट बूच. तुम्ही बाटली तोलता, मग हळूच तिरकी करता. दोन्ही द्रावणं पाण्यासारखी नितळ, पण ती एकमेकांत मिसळली की दुधासारखा पांढरा गाळ उतरतो. आता पुन्हा वजन. काटा वाचायला तुम्ही मला बसवता, "धरा" म्हणता आणि स्वतः मागच्या खिडकीशी जाऊन उभे राहता, कारण तुम्हाला दमा. "माझ्याच्यानं काय धरवत नाय, तुमी धरा." त्या शांततेत तुमचा एकट्याचा श्वास ऐकू येतो. आत घेताना आखूड, सोडताना लांब, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो तसा बारीक आवाज. काटा मध्यावर थांबतो. आत काहीच्या काही झालं, तरी वजन होतं तेवढंच. मला त्या वेळी अंगावर काटा आला होता, आणि आजही दरवर्षी येतो.

त्याच वर्षी तुम्ही मला झापलं होतं, आठवतं? मेणबत्ती जळताना बघायची आणि निरीक्षण लिहायचं होतं. मी शेवटी लिहिलं, मेणबत्ती नाहीशी झाली. तुम्ही माझी वही भर वर्गात उंच धरलीत. "नायशी झाली म्हंजे? गेली कुठं गो? वाफ झाली, वायू झाला, इथंच हाय आपल्या नाकासमोर. बूच लावलेलं नव्हतं म्हणून तुला गावलं नाय. नायसं काय होत नाय. कुठं गेलं ते लिव." माझे कान तापले होते. मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही, आणि तुमच्या ते लक्षातही आलं नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी तुमच्या गावी, टोकावड्याला आले होते. आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत, म्हणून तुमच्या पडवीत बसून मी ओढ्यापलीकडचा धूर बघत होते. तिसऱ्या दिवशी तुमच्या मुलाने मडक्यातून अस्थी आणल्या. एवढंसं मडकं, एका हातात मावेल असं. सगळ्या बायका रडत होत्या आणि माझ्या मनात एकच, सर यात एवढेच, मग उरलेले कुठे गेले? माझी मलाच लाज वाटली. पण हे खूळ तुम्हीच माझ्या डोक्यात घातलं होतं, आणि उत्तर न देता निघून गेलात.

पुढे मी याच प्रयोगशाळेत शिकवायला लागले. तुमची रीत चालू ठेवली. किती तरी वर्षं काही झालं नाही. मग एका वर्षी वर्गाने श्वास धरला, आणि मागच्या खिडकीकडून मला तो आवाज आला. आत आखूड, बाहेर लांब. तराजूचा काटा त्याच तालावर डावीउजवीकडे हलत होता. मग तुमची विद्यार्थिनी म्हणून जे करायला हवं ते मी केलं. खिडकी लावली, फटींत कागद कोंबले. वळचणीची कबुतरं हाकलली. सर्दी झालेल्या पोरांना बाहेर उभं केलं. तरी आवाज होताच, आणि पुढच्या वर्षीही. मुलांना मी सांगत आले, वारा आहे. मला भीती वाटायची, नाही असं नाही. पण नववीचा तो धडा जवळ आला की मी आदल्या दिवसापासून पारडी पुसायला लागायचे, हेही खरं.

आज जुन्या तराजूवरचं शेवटचं वजन होतं. शेणव्याहून येणारी एक मुलगी आहे, फार चौकस. श्वास सोडून तीच आधी बोलली. "बाई, कोन तरी श्वास घेतंय."

"वारा असेल."

"वारा नाय बाई. सगलं बंद हाय. आपन बघूया ना."

नको कसं म्हणणार? मीच त्यांना शिकवते की बघितल्याशिवाय लिहायचं नाही. तिने अर्धा वर्ग बाहेर काढला, बाकीच्यांनी श्वास धरला. आवाज आला. मग ते बाहेर आणि हे आत. तरीही आला. पोरं एकमेकांना चिकटून उभी होती, कुणी हसत नव्हतं. ती मुलगी काट्याकडे बघत राहिली, मग खिडकीकडे, आणि शेवटी माझ्याकडे.

"सगली बाहेर जाऊन आली. तुमी तेवढ्या ऱ्हायल्या. तुमी जरा बाहेर उभ्या ऱ्हावा ना बाई, आमी धरतो."

सर, या लॅबमधल्या वायूंनी तुमची छाती धरली होती असं सगळे म्हणायचे. त्याच हवेत माझंही निम्मं आयुष्य गेलंय. हल्ली शाळेचा जिना चढताना मला मध्येच थांबावं लागतं. ती पोरगी बरोबर बोलत होती. इतकी वर्षं मी सगळ्यांना वगळून बघितलं, पण मी स्वतः कायम आतच होते. दाराबाहेर दोन पावलं टाकायची होती, एवढंच. उद्या तराजू नसेल, श्वास धरायचं कारणही उरणार नाही. कळायचं असेल तर आजच कळलं असतं, ते तुम्ही होता की मी.

हे पत्र टोकावड्याला नेऊन दिलं तर तुमचा मुलगा वाचेल आणि माझ्या तब्येतीची चौकशी करायला येईल. म्हणून ते मी कुणाला देणार नाही. पण तुम्हाला खरं सांगते. मी घड्याळाकडे बघितलं आणि म्हटलं, "चला, तास संपला." पोरांनी दप्तरं उचलली. ती मुलगी जाताना दोनदा मागे वळून बघत होती.

तास संपला नव्हता, सर.