घडी आधी की भेग आधी

१० ऑगस्ट, रविवार

आजपासून रिसर्च नियमित. सातपुड्याच्या खडकांना घड्या कधी पडल्या आणि ते कधी फाटले, याची तारीख मी लावणार. लोकांना यासाठी मशीन लागते. मला भिंग पुरे. अख्खी नोकरी भूगोल शिकवला तो काय उगाच?

प्रेमलता अक्षय तृतीयेला माहेरी गेली, ती तिकडेच आहे. माहेर सावरगाव, म्हणजे आमच्या पांढुर्ण्याहून जाम नदीच्या पलीकडे. आमच्या गच्चीवरून तिच्या भावाची पाण्याची टाकी दिसते. न्यायला या, असा निरोप दोनदा आला. रिसर्च पूर्ण झाला की जाईन. बायकोसमोर रिकाम्या हाताने जाणं बरं नव्हे.

१२ ऑगस्ट

लोधीखेड्याच्या पुढे नाल्यात अप्रतिम दगड! पांढरे-करडे पट्टे, सगळे मुडपलेले, आणि त्यांना आरपार कापत गेलेली भेग. भेगेपाशी पट्टे बोटभर सरकलेले. म्हणजे फॉल्ट. नियम सोपा आहे: जे कापतं ते नंतरचं. घडी आधी, भेग नंतर.

बसमध्ये शेजारच्या बाईंना हे समजावलं. त्या सौंसरलाच उतरल्या. त्यांचं तिकीट पांढुर्ण्याचं होतं.

१४ ऑगस्ट, सकाळ

शेजारच्या कवडूला सांगितलं, मी फॉल्ट शोधतो आहे. तो म्हणाला, गुरुजी, फॉल्ट तं डीपीत हाय, लाइनमनले फोन लावा. या गावात विज्ञानाचं काही खरं नाही.

संध्याकाळ: लाइट गेली. फॉल्ट डीपीतच होता.

१७ ऑगस्ट

गव्हाची कोठी दगडांनी भरली. याच कोठीवरून जाण्याआधी प्रेमलता बोलली होती, गहू का तुमच्या डोक्यावर ठेवू? मी म्हटलं, गहू दरवर्षी येतो, हे दगड शंभर कोटी वर्षांनी घरात आले. बरोबरच बोललो.

भांडणाचीही तारीख लावून पाहिली. तिचं जाणं म्हणजे भेग. नियमाने घडी त्याच्या आधीची. ती कुणी पाडली, हा वेगळा विषय. पुरावा अपुरा.

सगळे दगड बाहेर ओट्यावर मांडले. मुख्य सॅम्पलवर लाल रंगाने 'प्रे-१' लिहिलं. प्रे म्हणजे प्रेमलता नव्हे. प्रेक्षणीय.

२२ ऑगस्ट, पोळा

कवडूकडून पुरणपोळी आली. एकच. घरात माणूस किती, हे त्यांनाही कळलेलं दिसतं. अर्धी उरली. करमत नाही. भिंग दोनदा पुसलं.

उद्या निष्कर्ष, परवा सावरगाव. फायनल.

२३ ऑगस्ट, गोटमार

आज पांढुर्णा आणि सावरगाव नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना दगड मारतात. वर्षानुवर्षांची रीत. मी दार लावून निष्कर्ष लिहीत बसलो. संध्याकाळी दार उघडलं तर ओटा साफ. एक सॅम्पल शिल्लक नाही!

कवडू म्हणाला, गुरुजी, तुमी गोटे मांडून ठेवले, आमाले वाटलं गोटमारीसाठीच देऊन राहिले. लई खुश हायेत लोक तुमच्यावर.

सगळा सातपुडा सावरगावात जाऊन पडला. मी इथेच.

२४ ऑगस्ट

आज जायचं ठरलं होतं. पण आता नेणार काय?

२५ ऑगस्ट, सोमवार

मेहुणा सुखदेव आला. पिशवीत 'प्रे-१'. त्याला नदीकाठी सापडला, प्रेमलताने अक्षर ओळखलं. दगड भेगेवरूनच फुटलेला, आणि पिशवीत अर्धाच. दुसरा अर्धा कुठे, विचारलं. तर ताईनं लिंबाच्या लोणच्यावर वजन म्हणून ठेवला, म्हणे. म्हणजे यंदाचं लोणचं तिकडेच घातलं.

मग खाली बघत त्याने निरोप सांगितला. गोटा नदी वलांडून आला, माणसाले पूल असून येता नाई आलं. आता न्यायले येऊ नका म्हणा.

चहा घे म्हटलं. नको म्हणाला. तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत मी ओट्यावर उभा होतो. हातातला अर्धा दगड फार जड लागला.

भेगेची तारीख पक्की झाली: २५ ऑगस्ट. घडीचं अजून पाहायचं आहे.