पिल्लं उडेपर्यंतचं कुलूप

मी, खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, धंदा कुलपं-किल्ल्यांचा, सध्या मुक्काम मागच्या खोलीत खिडकीजवळच्या खाटेवर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने लिहून ठेवत आहे. कोणाचंही दडपण नाही असं लिहायची पद्धत आहे. माझ्या छातीवर आहे, पण वकीलसाहेब म्हणाले, ते कायद्यात धरत नाहीत.

घर माझ्या स्वतःच्या कमाईचं आहे. माझ्यानंतर ते मुलगा आणि मुलगी यांना निम्मं-निम्मं जावं. बँकेत जे आहे तेही तसंच. त्यावरून भांडू नये. भांडण्याइतकं ते नाहीच.

लोखंड घट्ट पकडायचा शेगडा, कानशी आणि किल्ल्या कापायचं मशीन मुलीला द्यावं. दार उघडलं नाही की मुलगा लहानपणापासून लाथ घालतो. मुलगी कुलपाला कान लावून बसायची.

शिडी शेजारच्या मास्तरांना. नाहीतरी ती त्यांच्याकडेच असते. त्यांच्या बोक्याला मात्र माझ्या मिळकतीत पिसाचाही वाटा नाही. त्याने बागेतल्या दयाळ पक्ष्याचं पिल्लू खाल्लं तेव्हा मास्तर म्हणाले, "अहो, त्याचा स्वभावच तो." स्वभाव मलाही आहे. कुंपणावरची बोगनवेल त्यासाठीच वाढू दिली आहे, ती छाटू नये.

आता बाग. ती माझी नव्हे, हिची. हिने सासरच्या माणसांची नावं झाडांना दिली होती. बोगनवेल म्हणजे वन्सं, जवळ गेलं की ओरखडा. मधुमालती म्हणजे धाकटे भावजी, पाय आमच्या घरात आणि पसारा दुसऱ्याच्या. ही खिडकीतून हाक मारायची, "अहो, शिंजीर आलाय, बघा तरी." मी हातातल्या कुलपावरून मान न उचलता हं म्हणायचो. या वसंतात सगळं मी एकटा बघतो आहे. जास्वंदीला कोवळी पालवी आली, शिंजीर फुलात चोच घालून उलटा लटकतो, दयाळ उजाडायच्या आधीपासून तारेवर गातो. हे इतकं सुंदर आहे की मला सहन होत नाही, आणि "बघा तरी" म्हणणारं कोणी नाही.

मुलाने उद्या फरशीवाला बोलावला आहे. बाग काढून गाडीला जागा करायची आणि मला आठव्या मजल्यावर त्याच्या घरी न्यायचं. मी म्हटलं, "अरे, मधुमालतीत बुलबुलाचं घरटं आहे. पिल्लांना अजून पिसं नाहीत."

"बाबा, पाखरांचं काय, दुसरं बांधतील."

मागच्या वर्षी याच दिवसांत, याच खाटेवर त्याची आई होती आणि याच वेलात घरटं होतं. गाडी दाराशी आली तेव्हा ती म्हणाली, "चार दिवस थांबा रे. पिल्लं उडाली की मी आपणहून येते." त्याने तिला खांद्याला धरून उठवलं. हळूच उठवलं, खोटं कशाला बोलू. डॉक्टरांनीच सांगितलं होतं. दवाखान्यातल्या त्या खोलीला खिडकी नव्हती. ती रोज विचारायची, "उडाली का?" परत आलीच नाही ती.

मी वकीलसाहेबांना हात जोडून म्हटलं, उद्याचं काहीतरी यात लिहा. ते म्हणाले, "काका, मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर लागू होतं. उद्यासाठी त्याचा उपयोग नाही." म्हणजे मला आज रात्रीच मरावं लागेल, आणि तेही माझ्या हातात नाही.

म्हणून जे हातात आहे ते केलं. माझी देखभाल करणाऱ्या नर्सबाईंच्या आधाराने मागच्या फाटकाला आणि मागच्या दाराला माझी कुलपं घातली. ही मी स्वतः घडवलेली आहेत. लाथेने काय, घणानेही उघडत नाहीत. दोन्हींना किल्ली एकच. ती खिडकीच्या गजातून हात घालून मधुमालतीला बांधली आहे, अगदी घरट्याच्या खाली. तेव्हा बुलबुल चारा आणायला गेली होती. आता परत येऊन पिल्लांवर बसली आहे.

मुला, हे कलम कायद्याचं नाही, विनवणीचं आहे. घाई असेल तर किल्ली घे. माझ्या अंगावरून हात लांब कर आणि पिल्लांवरून आईला उठव. तुला ते हळूच जमतं.

नाहीतर चार दिवस थांब. पिल्लं उडाली की मी आपणहून येतो.

वरचं सगळं वाचून, समजून सही करत आहे.

सही: कुलूपवाला
स्थळ: खिडकीजवळची खाट
तारीख: रविवार, मधुमालतीला पहिला झुबका आला तो दिवस

साक्षीदार:
१. नर्सबाई. सही माझ्यासमोर झाली. डोकं ठिकाणावर होतं.
२. शेजारचे मास्तर. घेणाऱ्याने साक्षीला राहू नये असं वकीलसाहेब म्हणाले, म्हणून शिडीवरचा हक्क सोडत आहे. बोका घरात कोंडला आहे. पिल्लं उडेपर्यंत बाहेर सोडणार नाही.