मोटारीतली पुढची जागा

आबा, शेजारची मंडळी काल गाडी काढून महाबळेश्वरला गेली. आईबाप पुढे, पोरं मागे, खिडकीतून हात बाहेर. मी ओट्यावरून त्यांना हात हलवला आणि आत येऊन चहा टाकला, तर तो उतू गेला. या वयात कुणाचा हेवा करू नये म्हणतात. मी करते. पहिल्यांदा केला तो तुमच्यापायी, म्हणून लिहायला बसले ते तुम्हालाच.

तुम्ही भोरच्या वकिलांची मोटार चालवत होता. कोर्टाला मे महिन्याची सुट्टी लागली की वकीलसाहेब, बाईसाहेब आणि त्यांची तीन पोरं महाबळेश्वरला निघायची. मोटार आपल्या उत्रोलीवरून जायची आणि तुम्ही ती दारापुढे उभी करायचात, कारण इंजिनात घालायला पाणी आपल्याच आडाचं लागायचं तुम्हाला. आळीतली सगळी पोरं मोटारीभोवती गोळा व्हायची. त्यांना भोंगा वाजवून बघायचा असे. मला भोंग्याचं काही नव्हतं. मी बघायची ती तुमच्या शेजारची जागा. तिथे वकिलांची धाकटी बसलेली असायची. घाटात तिला मळमळायचं, म्हणून मोठ्यांना मागे कोंबून तिला पुढे घेतलेलं. "ताईसाहेब, तुमी फुडं बसा. लांब बघत ऱ्हावा, मंग काय व्हत न्हाई," असं तुम्ही तिला म्हणत होता. माझ्याहून लहान पोर ती, आणि तिला तुम्ही अहोजाहो करत होता. मला तुमची हाक म्हणजे, "ए, पाणी आण."

एका वर्षीचं मला अजून डोळ्यांपुढे दिसतं. मी घागर आणून दिली आहे, तुम्ही झाकण उघडून पाणी ओतता आहात. मोटारीचं पुढचं दार उघडं आहे. मी पायरीवर एक पाय ठेवते, मग दुसरा. धाकटी सरकून बसते आणि मोकळी जागा हातानं थोपटते. "बसू दे की हिला, जागा आहे." खरंच असते जागा, मी तेव्हा काडीसारखी होते. तुम्ही वळून माझ्याकडे बघता आणि मला वाटतं, आता म्हणाल, बस. निदान वेशीपर्यंत तरी. तुम्ही म्हणता, "उतर खाली. ती गाडी आपली न्हाई." आवाज चढवून बोलला असतात तर मला रुसता तरी आलं असतं. बाईसाहेबांनी माझ्या हातावर लिमलेटची गोळी ठेवली आणि मोटार धुरळा उडवत गेली. मी गोळी चघळत रडत बसले.

तुम्ही परत आलात की मी चुलीपाशी तुमच्या ताटासमोर बसून राहायची. आई भाकरी थापता थापता मला डोळ्यांनी दटावायची. "दमून आल्यात त्ये. जेवू दे." तरी मी विचारायचीच.

"आबा, कसं असतं वो तितं?"

"थंड."

एवढंच. पुढे आमटी भुरकल्याचा आवाज. घरात तुम्ही तसे मोजकंच बोलायचात, सगळ्यांशीच. पण मी त्या एका शब्दावर महिनाभर काढायची. थंड म्हणजे किती थंड, थंडीत ती धाकटी काय पांघरते, आणि तुम्ही तिला पांघरायला घालता का.

एकदा बाईसाहेबांनी तिचा आखूड झालेला झगा माझ्यासाठी धाडला. गुलाबी होता, गळ्याला झालर. आईनं तो माझ्या अंगाला लावून बघितला आणि तिचं तोंड फुललं. मी तो दुसऱ्या दिवशी गोठ्यातल्या वासराला घातला. तुम्ही वैरण टाकायला आत गेलात आणि वकिलांच्या झग्यातलं वासरू बघून गव्हाणीला टेकून हसलात. पोट धरून, आवाज न करता. मग माझा कान पिळलात आणि म्हणालात, "कुणाला सांगू नगंस." कान दोन दिवस दुखला, पण तेवढं हसू माझ्या एकटीचं होतं. दुसऱ्या कुणाला ते मिळालेलं नाही, असंच मी धरून चालले होते.

मग लढाई आली, पेट्रोल रेशनवर गेलं, वकिलांची मोटार विटांवर चढली आणि तुम्ही भातशेतीत उतरलात. आता तरी तुम्ही आमचे झालात असं वाटतंय, तोवर हिवतापानं तुम्हाला नेलं.

त्यानंतर कितीतरी वर्षांनी, मी शाळेतून निवृत्त झाल्यावर, कापूरहोळला एसटीची वाट बघत बसले होते. शेजारच्या बाकावर एक बाई होत्या. त्यांची गाडी पंक्चर झाली होती आणि ड्रायव्हर चाक घेऊन गॅरेजात गेला होता. मी कुठली ते त्यांनी विचारलं. उत्रोलीची म्हटल्यावर त्या एकदम माझ्याकडे वळल्या. "तिथले आमचे ड्रायव्हर होते." मी म्हटलं, "ते माझे वडील." वकिलांची धाकटी होती ती, आबा. केस सगळे पांढरे, आणि हसणं तसंच सैल. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "काय गोष्ट सांगायचे हो ते! घाट लागला की अस्वलाची गोष्ट सुरू. मळमळ विसरायचो आम्ही."

तुम्ही आणि गोष्ट. मला आधी वाटलं, ती दुसऱ्याच कुणाबद्दल बोलते आहे. मग ती सांगत गेली. एक अस्वल मधाचं पोळं घेऊन आपल्या पोरीकडे निघालंय, दर वळणावर कुणीतरी आडवं येतं, तुकडा मागतं, आणि याला नाही म्हणवत नाही. दर वर्षी गोष्ट मागच्या वळणावरून पुढे. ऐकताना माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. पोरीसाठी पोळं नेणाऱ्या बापाची गोष्ट, आणि ऐकली कुणी, तर वकिलांच्या पोरीनं.

"पेट्रोल बंद झालं आणि ती अर्धीच राहिली," ती म्हणाली. "तुम्हाला शेवट ठाऊक असेल. पोचलं का हो ते?"

"पोचलं ना," मी म्हटलं. "आम्हाला रोज सांगायचे. थोडंसं पोळं उरलं होतं. ते पोरीनं एकटीनं खाल्लं, कुणाला बोट लावू दिलं नाही."

ती डोळे पुसत हसली. "अगदी त्यांच्यासारखं." तुमच्यासारखं कसं असतं, हेही तिनंच मला सांगावं. तेवढ्यात तिचं चाक आलं. मला भोरपर्यंत सोडते म्हणाली, पुढचं दारही उघडलं. मी म्हटलं, नको, एसटी येईलच.

हा कागद पोस्टात जायचा नाही, तेव्हा तुमच्याशी तरी खोटं कशाला बोलू. त्या अस्वलाची पोर कशी होती, तिच्याबद्दल तुम्ही काय सांगायचात, हे विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. विचारलं असतं, तर ती गोष्ट तुम्ही मला कधी सांगितली नव्हती, हे तिला कळलं असतं.