वसूच्या गाडीवर घरचीच बोली

५ नोव्हेंबर २००६, रविवार

सगळ्यांत आधी हजर झाला तो दुर्गदबैलचा इराप्पा, जुन्या गाड्या फोडून पार्ट विकतो तो. आज नळाला पाणी यायचा दिवस, मी नळाखाली बिंदग्या, घागरी लावत होते. "अव्वा, गाडी कुठं?" चहा पण नको म्हणाला. ताडपत्री काढून दाखवली. माझ्या मुलाची, वसूची गाडी बघून लोक आधी हसतात, मग गप होतात. लाल, दोनच माणसांची, वर कापडाचं छप्पर, जमिनीला पोट लावून बसलेली. हा ना हसला, ना इंजिन चालू करा म्हणाला. दारं हलवली, वाकून खाली हात घातला. "दारं सुटी निघतात न्हवं?" वसू आतनं ऐकत होता. बाहेर आलाच नाही.

तो जातोय तोवर समोरची शांतक्का आली, कोण आलं होतं विचारायला. सगळं खिडकीतनं बघून.

विकायची कुणाला हौस आहे? वसूचे डोळे साखरेनं गेले. उजवा गेलाच, डाव्यात सावल्या. गाडी चालवायची नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलं. गोव्याच्या कुणा खाणवाल्याच्या शेडमधनं गंजलेली आणली होती, लॉरीत घालून. कारखान्यातनं सुटला की तिच्याखाली. सून म्हणायची, माझी सवत लाल आहे. कितीतरी वर्षांनी पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा मी देवापुढचे पेढे उचलून तिच्यापुढं ठेवले.

आता त्याचं म्हणणं एकच. चालवणाऱ्याला द्यायची, फोडणाऱ्याला नाही.

७ नोव्हें. मंगळवार

आज मी नेट बघितलं! विद्यानगरला, गौरीच्या कॉलेजजवळच्या दुकानात. नातीनं मला खुर्चीत बसवलं, कॉम्प्युटरच्या काचेत आपली गाडी, शेजारी मी उभी. पदर मेला नीट नव्हता. गौरी म्हणाली, आज्जी, आता हा फोटो अख्ख्या जगात दिसणार. म्हटलं, मग आधी सांगायचं नाहीस?

गौरीनं गाडी तिथं विकायला लावलीय, लिलाव म्हणतात त्याला. आम्ही सवाल म्हणतो, गल्लीच्या गणपतीपुढल्या नारळाचा करतात तसा. पण इथं माणसं दिसत नाहीत, नुसती नावं, तीही खोटी. एकजण टायगर. एक बेळगावच्या डॉक्टरीणबाई, त्या मात्र खऱ्या नावाच्या. त्यांनी विचारलंय, पावसात छप्पर गळतं का.

घरी येऊन वसूला सांगितलं. म्हणाला, "गळतं. डाव्या बाजूनं. लिही तसं."

गौरी म्हणाली, "अप्पा, असं कुणी लिहितं काय?"

"लिही म्हटलं की."

९ नोव्हें. गुरुवार

टायगरनं आकडा वाढवला. डॉ.बाईंनी वाढवला, त्यानं परत वाढवला. एक प्रश्न नाही विचारला त्यानं आजवर. गौरीला संशय, हा गाडी फोडणाराच. असे लोक दार एकाला, इंजिन दुसऱ्याला विकतात म्हणे. वसूनं अर्धी भाकरी तशीच ठेवली. सुनेनं ताट उचललं.

मला गणपतीचा सवाल आठवला. आमचे हे कोपऱ्यात उभे राहून उगीच बोली वाढवायचे. नारळ नको असायचा. पण चिकट माणसाला स्वस्तात जाऊ नये म्हणून. चिकट माणूस हिशोबानं थांबतो, ज्याला मनापासून पाहिजे तो थांबत नाही. सगळे हसायचे, ह्यांच्या पाठीवर थाप मारायचे. शांतक्काच्या नवऱ्यानं एकदा चिडून धोतराचा सोगा खोचला आणि... ते जाऊ दे.

सप्तापूरला दिगूला फोन केला. माझा भाचा, कॉलेजात शिकवतो, त्याच्या घरी कॉम्प्युटर आहे. सगळं सांगितलं. "कळलं आत्या. दोघा मित्रांना पण सांगतो."

कुणाला बोलले नाही. पोटात नुसतं हसू.

११ नोव्हें. शनिवार

आकडा चढतोय! गौरी पळत आली, "आज्जी, नवीन तीन माणसं आली, टायगर गप झाला!" डॉ.बाई अजून आहेत. बघा, मनापासून पाहिजे ते थांबत नाही. वसू बाहेर जाऊन गाडीवरची धूळ पुसून आला. दिसत नाही तरी हात बरोबर सगळीकडं जातो. कितीतरी दिवसांनी शीळ घालत होता. मी शिरा केला, त्याला वेगळा उपमा. काय झालं म्हणून सुनेनं विचारलं. म्हटलं, सहज.

१३ नोव्हें. सोमवार

लिलाव बंद झाला. नेटवाल्यांनीच बंद केला. गौरीचं नाव पण काढून टाकलं.

झालं ते असं. गाडीबद्दल प्रश्न विचारायची जागा असते तिथं आमच्या दिगूनं लिहिलं, 'गाडी माझ्या आत्याच्या मुलाची आहे. मी लहानपणापासून त्याला ओळखतो. निर्धास्त घ्यावी.' आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव, सप्तापूर, धारवाड. तेच नाव बोलीत. डॉ.बाईंनी वाचलं. घरचेच लोक आकडा फुगवताहेत म्हणून त्यांनी तक्रार केली.

दिगूचा फोन आला. "आत्या, चांगलंच तर लिहिलं होतं मी!" एवढा शिकलेला. पण मी तरी काय वेगळं केलं?

गौरी रडली. म्हणाली, "सगळे मलाच लबाड म्हणत असतील."

मग मी वसूला सांगितलं, मीच दिगूला बोलले म्हणून. ऐकून घेतलं. उठून ताडपत्री घालून आला, परत बसला.

१४ नोव्हें. मंगळवार

सकाळी वसू बोलला. मी म्हटलं, अरे, तुझे वडील पण गणपतीत हेच करायचे, कुणी लबाड म्हटलं का त्यांना?

"आई, तिथं सगळे एकमेकांचं तोंड बघत होते. अण्णा उगीच वाढवताहेत हे पोराटोरांना कळत होतं. ती बाई बेळगावात बसून कुणाचं तोंड बघणार?"

  सून वळून माझ्याकडं बघायला लागली.

दुपारी इराप्पा आला. ह्याला कुठनं कळतं सगळं? म्हणाला, "नेटवर आता तुम्हाला कोण विचारतंय. पुढच्या शुक्रवारी, चोवीसला लॉरी आणतो." वसू म्हणाला, "आण."

एवढंच. आण.

१५ नोव्हें. बुधवार

डॉ.बाईंनी प्रश्न विचारताना नंबर दिलेला होता, गौरीच्या वहीत. सगळे बाहेर गेल्यावर मीच लावला. दोनदा भलतीकडंच लागला, एक बाई तर अर्धा तास... बरं, असू दे.

म्हटलं, मी गाडीवाल्याची आई. बोली मी वाढवायला लावली. मुलाला ठाऊक नव्हतं, नातीला पण नव्हतं. त्याला दिसत नाही, गाडी फोडायला जाईल म्हणून भीती वाटली. तुमच्या खिशात हात घालतोय असं मनात आलं नाही, गणपतीच्या सवालासारखं वाटलं.

  त्या म्हणाल्या, "छप्पर गळतं हे खरं आहे का?"

म्हटलं, ते वसूनं सांगितलंय. ते खरंच असणार.

"बघू," म्हणाल्या. येते पण नाही, येत नाही पण नाही.

१९ नोव्हें. रविवार

आले! डॉ.बाई आणि त्यांचे वडील. न कळवता, मी तांदूळ निवडत बसले होते तेव्हा. बाई बारीक, केस कापलेले, चाळिशीच्या. म्हातारे कोट घालून. बसा म्हटलं तर उभेच. "लेक गाडी बघायला आली. मी माणसं बघायला आलोय." आणि माझ्याकडं बघून, "बोलीवाल्या त्या तुम्हीच?"

म्हटलं, मीच.

हसले नाहीत. मी पण नाही.

वसूनं आधी गाडीचे दोषच दाखवले सगळे. बाईंचा हात धरून नेला, इथं तळाला गंज आहे, पेट्रोलचा काटा चुकीचं सांगतो, हा पार्ट मूळचा नाही, मी लेथवर केलेला. सून दारात उभी राहून डोळे पुसत होती. गौरी मला ढोसत होती, आज्जी, अप्पा गाडी विकताहेत की गिऱ्हाईक परत पाठवताहेत? मी तोंडावर बोट ठेवलं.

मग बाईंनी चालवायला घेतली, वसू शेजारी. धारवाड रस्त्याला गेले. म्हातारे आणि मी अंगणात. चहा दिला, प्यायले. आवाज लांब गेला, ऐकू येईना. किती वेळ लावला! मला देव आठवायला लागले. ते म्हणाले, "माझी लेक हळू चालवते." म्हटलं, माझा मुलगा हळू चालवू देणार नाही.

तेव्हा थोडे हसले.

आले तर वसूचे केस सगळे उभे, धुळीनं भरलेले. बाई म्हणाल्या, "डोळे मिटून बसले होते. गियर कधी टाकायचा ते आवाजावरनं सांगत होते." वसू उतरला आणि एक हात गाडीवरच ठेवून उभा राहिला.

आकड्याचं वसूनंच काढलं. दिगूची माणसं येण्याआधी जो होता तो, वर एक पैसा नको. म्हाताऱ्यांनी मान डोलावली. बाई पण खूश दिसल्या, पण हो म्हणाल्या नाहीत. त्यांच्या घरच्यांना विचारायचंय. आणि एकदा फसायची वेळ आलेली, असं तडकाफडकी नको, असं म्हाताऱ्यांनी माझ्यासमोरच सांगितलं. बरोबर आहे त्यांचं. जेवून जा म्हटलं तर नको म्हणाले. शेंगाचटणी बांधून दिली, ती घेतली.

ते गेल्यावर वसू पायरीवर बसून राहिला. मी शेजारी बसले. शांतक्का यायला निघाली होती, तिला हातानंच मागं फिरवलं.

"आई, येतील काय गं?"

'येतील की, न येऊन जातात कुठं' असं अगदी ओठावर आलं होतं. गिळलं. म्हटलं, माहीत नाही रे.

गुरुवारी येतो म्हणालेत. तेवीस तारीख. इराप्पाची लॉरी चोवीसला.