चिठ्ठी माझी, हात कुणाचा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बहात्तर, धंदा व्हायोलिन बनवणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. बुद्धी ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. माझी स्वतःची तितकी खात्री नाही.

१. राहत्या दोन खोल्या मुलीला. खिडकीत वाळत ठेवलेल्या फळ्यांना तिने अजून दोन वर्षे हात लावू नये.

२. धाकट्या भावाला काहीही देऊ नये. एकतीस वर्षांपूर्वी त्याने स्वतः बनवलेल्या व्हायोलिनात माझ्या नावाची चिठ्ठी चिकटवून ते माझे म्हणून विकले, म्हणून मी त्याला कारखान्यातून हाकलले. "दादा, मी नाही केलं," एवढेच तो म्हणाला होता.

३. गेल्या महिन्यात एक वादक बाई तेच व्हायोलिन दुरुस्तीला घेऊन आल्या. वरची फळी उघडली. कोरीवकाम भावाचे, तो डावखुरा, त्याची पटाशी उलटी फिरते. चिठ्ठीवरचे अक्षर मात्र माझे. म्हणजे ती मीच लावली? मुद्दाम, की घाईत? पुष्कळ डोके खाजवले, आठवत नाही. आवाज असा, की माझ्या एकाही वाद्याला तो नाही.

भावाला बोलावून घेतले. तो आला, हेच नवल.

"तेव्हा भांडला का नाहीस?" मी विचारले.

"तू ऐकायला थांबलास कुठे, दादा?"

४. सबब कलम २ रद्द. पण ते खोडू नये. मी काय माणूस होतो ते मुलीला कळू दे. कारखाना व सर्व हत्यारे धाकट्या भावाला.

५. कलम ४ सुद्धा रद्द. आज सह्यांच्या वेळी दुसरा साक्षीदार आलाच नाही. भाऊ म्हणाला, "मी करतो सही." वकील म्हणाले, "ज्याला वाटा, त्याची साक्ष चालणार नाही."

"मग वाटा काढा."

"अरे, वेड लागलंय का तुला?" मी ओरडलो.

"एकदा तरी माझा शब्द खरा धर, दादा. कागदावर."

वकिलांनी पेन त्याच्या हातात दिले. कारखानाही आता मुलीला. हे बरोबर झाले की चूक, मला खरोखर कळत नाही.

स्थळ : कारखाना. मंगळवार, तारीख नऊ, दुपार.

सही : व्हायोलिन बनवणारा

साक्षीदार :
१. शेजारचे औषधवाले
२. धाकटा भाऊ